लग्नाआधीचा कागद

लग्नाआधी करार म्हटला की आपल्याकडे लोक कानांवर हात ठेवतात. गोव्यात मात्र ही रीत जुनी आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कुटुंबकायदा १९६१ च्या मुक्तीनंतरही टिकला. करार केला नाही, तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक, दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. ज्यांना हे नको, ते लग्नापूर्वी रीतसर करारपत्र करून आपापली मालमत्ता वेगळी ठेवतात किंवा लग्नानंतरची मिळकत तेवढीच सामाईक ठरवतात.

मुंबईत असा आपोआप अर्धा वाटा नाही. आमच्या घाटकोपरच्या खोलीसाठी आईच्या पाटल्या मोडल्या. कागदावर नाव एकट्या वडिलांचे. वडिलांच्या मनात खोट नव्हती. कुणी विचारलेच नाही. विचारायची वेळ लग्नाआधीच असते.