मोटारसायकलमधील इंजिन ऑइलच्या तापमानाचे मापन : येरवडा परिसरातील दैनंदिन वाहनवापराच्या संदर्भात

प्रस्तावना

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे गेल्या काही दशकांत दुचाकींचे शहर बनले. आकुर्डी येथे मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोने २००१ मध्ये पल्सर बाजारात आणली आणि १५० ते २०० घनसेंटिमीटर क्षमतेचे, हवेने थंड होणारे चारस्ट्रोक इंजिन मध्यमवर्गीय कुटुंबांच्या दारात उभे राहिले. अशा दुचाकीवर वेग, इंधन आणि अंतर दाखविणारी साधने असतात; परंतु इंजिनाचे आयुष्य ज्यावर अवलंबून असते त्या ऑइलचे तापमान दाखविणारे साधन सहसा नसते. गाडी तापली की नाही, हे चालक पायाला लागणाऱ्या झळेवरून किंवा इंजिनाच्या बदललेल्या आवाजावरून ठरवितो. हा अंदाज कितपत विश्वसनीय आहे आणि प्रत्यक्ष मापनातून काय हाती लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात येरवडा परिसरातील वाहनवापराच्या आधारे केला आहे.

ऑइलचे कार्य व तापमानाचे महत्त्व

पेट्रोलच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी साधारणतः एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागच उपयुक्त कार्यात रूपांतरित होतो. उरलेली उष्णता धुराबरोबर आणि इंजिनाच्या पृष्ठभागावरून बाहेर पडते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ऑइल केवळ वंगण नसते, तर पिस्टन व सिलिंडर हेडकडील उष्णता क्रँककेसपर्यंत वाहून आणणारे शीतक द्रव्यही असते. त्यातच बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअर आणि ओला क्लच यांना एकच ऑइल पुरविले जाते. म्हणूनच मोटारीसाठीचे प्रत्येक ऑइल दुचाकीला चालत नाही आणि क्लच घसरू नये यासाठी जॅसो एम.ए. हे प्रमाणन पाहावे लागते. एवढे सारे काम जेमतेम एक लिटर ऑइलला करावे लागते.

तापमानानुसार ऑइलची विष्यंदिता, म्हणजेच चिकटपणा, झपाट्याने बदलते. २०डब्ल्यू-५० प्रतीच्या ऑइलची विष्यंदिता ४० अंश सेल्सिअसला सुमारे १५० सेंटिस्टोक किंवा अधिक असते. १०० अंशांना मात्र ती १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक या मर्यादेत येते. धातूच्या दोन पृष्ठभागांना वेगळे ठेवणारा ऑइलचा थर या गुणधर्मावर टिकून असतो. तापमान वाढते तसा तो पातळ होतो आणि घर्षण व झीज वाढते. उच्च तापमानाला ऑइलचे ऑक्सिडीकरणही वेगाने होते. तापमानात दर १० अंशांची वाढ झाल्यास रासायनिक अभिक्रियेचा वेग साधारणतः दुप्पट होतो, हा स्थूल नियम लावल्यास ११० अंशांऐवजी १३० अंशांवर राहणारे ऑइल सुमारे चौपट वेगाने खराब होते. त्यामुळे ऑइल किती किलोमीटरनंतर बदलावे, या प्रश्नाचे उत्तर केवळ किलोमीटरमध्ये देता येत नाही.

अति थंड ऑइलचा प्रश्न

तापमानमापनाचा विचार होतो तो बहुधा अति उष्णतेच्या भीतीने. शहरी वापरात मात्र याच्या उलट दोषही तितकाच आढळतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. तिचा काही अंश, तसेच न जळलेले पेट्रोल, पिस्टनच्या कड्यांवरून खाली क्रँककेसमध्ये उतरते. ऑइल पुरेसा वेळ ८० ते १०० अंशांच्या आसपास राहिले, तर हे पाणी व इंधन वाफ होऊन निघून जाते. घरापासून दोन-तीन किलोमीटरवरील कार्यालयापर्यंतच गाडी नेणाऱ्या व्यक्तीचे ऑइल या पातळीला पोहोचण्याआधीच इंजिन बंद होते. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस दिसणारा दुधाळ, पिवळसर थर ही त्याची खूण होय. गाडी फार कमी फिरते, म्हणून ऑइल चांगलेच असणार, ही समजूत येथे खोटी ठरते.

सर्वसाधारणपणे ८० ते १२० अंश सेल्सिअस ही कार्यपट्टी समाधानकारक मानता येते. खनिज ऑइल वापरले असता १३० अंशांपुढील सातत्यपूर्ण तापमान हा सावधगिरीचा इशारा होय. अंतिम मर्यादा मात्र उत्पादकाच्या पुस्तिकेनुसारच ठरवावी.

मापनाची साधने व स्थान

सर्वांत सोपे साधन म्हणजे ऑइल भरण्याच्या झाकणाच्या जागी बसणारे द्विधातू पट्टीचे तबकडीयुक्त तापमापक. त्यास विजेची गरज नसते; परंतु त्याची दांडी ऑइलमध्ये बुडत नसेल, तर ते ऑइलऐवजी क्रँककेसमधील वाफेचे तापमान दाखविते. शिवाय ते वाचण्यासाठी थांबावे लागते. थर्मिस्टरचा विद्युतरोध तापमान वाढताना घटतो. तो स्वस्त व संवेदनशील असतो. प्लॅटिनमच्या पीटी-१०० संवेदकाचा रोध ० अंशांना १०० ओहम, तर १०० अंशांना १३८.५ ओहम असतो व त्याची अचूकता चांगली असते. के-प्रकारचे थर्मोकपल दर अंशास सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट इतकाच विद्युतदाब देते. स्पार्क प्लगच्या विद्युत गोंगाटात हा क्षीण संकेत बिघडू शकतो, म्हणून आवरणयुक्त तार वापरणे इष्ट ठरते.

संवेदक ड्रेन बोल्टमध्ये बसविल्यास तो ऑइलमध्ये निश्चित बुडतो. मात्र बोल्ट खाली फार बाहेर आला, तर गतिरोधकावर आपटून सर्व ऑइल सांडण्याचा धोका संभवतो. २०२० मध्ये भारत स्टेज-६ निकष लागू झाल्यानंतर दुचाकींत इंधन अंतःक्षेपण सर्रास आले. अशा काही इंजिनांमध्ये इंधनाचे प्रमाण ठरविण्यासाठी ऑइलच्या तापमानाचा संवेदक मुळातच बसविलेला असतो. म्हणजे माहिती गाडीत उपलब्ध असते, ती चालकासमोर मात्र येत नाही.

येरवडा परिसरातील वापराचे स्वरूप

बंडगार्डन पुलावरून पर्णकुटी चौक, तेथून गुंजन चौक आणि पुढे नगर रस्ता, हा मार्ग सिग्नल, संथ रांगा आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमधील वाटचाल यांनी भरलेला आहे. सिग्नलला उभ्या गाडीवर वारा नसतो. तथापि नुसत्या सुरू असलेल्या इंजिनात उष्णताही कमी निर्माण होते. त्यामुळे एखाद्या मिनिटाच्या थांब्याने ऑइलचे तापमान एकदम उसळत नाही; पायाला लागणारी झळ ही प्रामुख्याने सिलिंडर व सायलेन्सरची असते. अधिक ताण पडतो तो दीर्घकाळ क्लच अर्धवट दाबून, कमी वेगाने व अधिक फेऱ्यांवर रांगेतून सरकताना, किंवा दिवे घाट, खंबाटकी यांसारख्या चढावर दोन माणसांना घेऊन जाताना. दिवसभर घरपोच सेवा देणाऱ्या चालकाची गाडी उष्णतेच्या टोकाला, तर जवळच्या कार्यालयात जाणाऱ्याची गाडी थंडीच्या टोकाला असते. दोघांनाही किलोमीटरचा एकच हिशेब लावला जातो.

येथे ऋतूचाही विचार आवश्यक ठरतो. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा १२ अंशांपर्यंत उतरतो, तर एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांच्या आसपास जातो. इंजिनावरील भार समान असल्यास हवेतील हा सुमारे २६ अंशांचा फरक ऑइलच्या तापमानातही बहुतांशी उतरतो. म्हणून केवळ ऑइलचे तापमान न नोंदविता ते हवेपेक्षा किती अंशांनी अधिक आहे, हे नोंदवावे. हीच वाढ एकाच मार्गावर महिनोन्महिने पाहिली असता हळूहळू वाढू लागली, तर पंखांवर साचलेला चिखल, ऑइलची घटलेली पातळी किंवा घसरणारा क्लच यांचा शोध वेळीच घेता येतो.

उपाययोजना

चिखल धुऊन सिलिंडरचे पंख मोकळे ठेवणे, ऑइलची पातळी गाडी सरळ उभी करून तपासणे आणि घाट चढून आल्यावर शेवटचा अर्धा किलोमीटर कमी भाराने चालविणे, हे बिनखर्चाचे उपाय होत. २००७ मधील पल्सर २२० मध्ये ऑइल कूलर देण्यात आला होता. परंतु अल्प अंतराच्या वापरात बाहेरून बसविलेला कूलर ऑइलला तापूच देत नाही आणि एक दोष टाळताना दुसरा ओढवतो. अशा वापरकर्त्याने आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे सलग गाडी चालविणे आणि किलोमीटर पूर्ण झाले नसले तरी ठरावीक मुदतीत ऑइल बदलणे अधिक हिताचे.

निष्कर्ष

ऑइलच्या तापमानाचे मापन ही केवळ हौशी चालकांची आवड नाही. उष्णतासंक्रमण, विष्यंदिता, अभिक्रियेचा वेग आणि विद्युत संवेदक या पदवी स्तरावरील संकल्पना एका साध्या प्रयोगात एकत्र येतात. महाविद्यालयाच्या वाहनतळावरील एखादी दुचाकी, एक संवेदक आणि दर मिनिटाची नोंद एवढ्यावर हा प्रयोग उभा राहू शकतो. त्यातून मिळणारा मुख्य बोध असा की, हाताला लागणारी झळ आणि ऑइलची स्थिती या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या कुटुंबाचा उदरनिर्वाह एका दुचाकीवर चालतो, त्याच्या दृष्टीने हा फरक वेळीच कळणे म्हणजे इंजिन उघडण्याचा खर्च टळणे होय.