किड्यांची मोजदाद : इंग्लंडच्या नद्यांवरची वीस वर्षं

गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, लांब दांड्याची जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची आणि पायाने तळातले दगडगोटे तीन मिनिटं ढवळायचे. मग आणखी एक मिनिट हाताने दगड उलटून त्यांना चिकटलेले जीव जाळीत घ्यायचे. जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये रिकामी करायची, आठ ठरावीक गटांतले किडे वेगळे करून मोजायचे, आकडे लिहून घ्यायचे आणि सगळ्यांना पुन्हा पाण्यात सोडायचं. पुढच्या महिन्यात त्याच जागी पुन्हा तेच. इंग्लंडमध्ये २००७ साली ‘रिव्हरफ्लाय’ तपासणी देशभर सुरू झाली, ती एवढ्याच नियमांवर. गेल्या दोन दशकांत तिथल्या नद्यांबद्दल जो गदारोळ झाला, संसदेत ज्या चर्चा झाल्या, त्यांच्या मुळाशी अशा साध्या, कंटाळवाण्या नोंदी आहेत.

हे काम हाती घेतलं ते हौशी मासेमारांनी. पिसं आणि दोरा गुंडाळून गळावर खोटा किडा बांधायचा आणि त्याने ट्राउट मासा फसवायचा, ही तिथली जुनी कला. ती साधायची तर कुठला किडा कुठल्या आठवड्यात पाण्यावर येतो हे तोंडपाठ असावं लागतं. मेफ्लायचं पिल्लू दोन वर्षांपर्यंत तळाच्या गाळात राहतं, मे महिन्याच्या अखेरीस पंख फुटून बाहेर पडतं आणि एक-दोन दिवसांत मरतं. प्रौढ मेफ्लायला खाता येईल असं तोंडच नसतं. काठावर पिढ्यान्‌पिढ्या बसणाऱ्या माणसांना या किड्यांचे थवे विरळ होताना दिसत होते आणि ते अधिकाऱ्यांना सांगतही होते. पण ‘पूर्वी खूप असायचे’ या वाक्यावर कुणी फाईल उघडत नाही. २००४ मध्ये मासेमारांच्या संघटना, कीटकतज्ज्ञ, लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि सरकारी एन्व्हायर्न्मेंट एजन्सी यांची ‘रिव्हरफ्लाय पार्टनरशिप’ उभी राहिली. तिने या आठवणींना मोजमापाची शिस्त लावली.

किडेच का मोजायचे, हा प्रश्न आपल्याकडेही विचारला जातो. बाटलीत घेतलेलं पाणी फक्त त्या क्षणाबद्दल सांगतं. रात्री दोनला कुणी काही सोडलं आणि सकाळी दहाला बाटली भरली, तर प्रयोगशाळेचा अहवाल स्वच्छ येऊ शकतो. तळाचा किडा मात्र महिनोन्‌महिने तिथेच असतो. गेल्या आठवड्यात, गेल्या महिन्यात पाण्यातून जे गेलं ते सगळं त्याच्या अंगावरून गेलेलं असतं. स्टोनफ्लायच्या पिल्लाला थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं; सांडपाणी आलं की ते आधी नाहीसं होतं. कॅडिसफ्लायच्या काही अळ्या वाळूचे कण आणि काटक्या चिकटवून अंगाभोवती घर बांधतात. गॅमरस हा जवळ्यासारखा दिसणारा, पाठीला बाक आलेला जीव कीटकनाशकाचा अगदी थोडा अंशही सहन करत नाही. आणि दुसरा कुठलाच जीव उरला नाही तरी लाल रक्तकिडे आणि गाळातल्या अळ्या टिकून राहतात. कोण आहे आणि कोण नाही, यावरून बरंच काही वाचता येतं.

ही कल्पना जुनी आहे. कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन संशोधकांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात सांडपाण्याच्या प्रमाणानुसार जीवांची प्रतवारी लावली होती. ब्रिटनमध्ये १९७६ साली एक कार्यगट नेमला गेला आणि त्याने कीटकांच्या कुळांना एक ते दहा गुण देण्याची पद्धत तयार केली. पण ती तज्ज्ञांसाठी होती. सामान्य माणसाच्या हाती जाळी देण्याचं काम आधी अमेरिकेत झालं. तिथल्या ‘आयझॅक वॉल्टन लीग’ने १९६९ मध्ये ‘सेव्ह अवर स्ट्रीम्स’ सुरू केलं. ओढ्यातले किडे संवेदनशील, मध्यम आणि सोशिक अशा तीन गटांत मांडायचे, की शाळेतल्या मुलांनाही ओढ्याची तब्येत कळते. त्याच वर्षी ओहायोमधल्या कायाहोगा नदीवरच्या तेलाने पेट घेतला होता, आणि तीन वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकेचा क्लीन वॉटर अ‍ॅक्ट आला. आयझॅक वॉल्टन हा सतराव्या शतकातला इंग्रज, मासेमारीवर पुस्तक लिहिणारा. त्याच्या नावाने अमेरिकेत रुजलेल्या कामासारखंच काम पुढे त्याच्या मायदेशात उभं राहिलं.

इंग्लंडच्या या प्रयोगात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक छोटीशी तरतूद. प्रत्येक जागेसाठी सरकारी जीवशास्त्रज्ञ एक इशारा-पातळी ठरवून देतो. आठ गटांतला प्रत्येक गट किती सापडला यावर गुण मिळतात : नऊपर्यंत सापडले तर एक, नव्व्याण्णवपर्यंत दोन, नऊशे नव्व्याण्णवपर्यंत तीन, हजारांत गेले तर चार. आठांची बेरीज इशारा-पातळीच्या खाली घसरली तर स्वयंसेवकाने तपासणी पुन्हा करायची, आणि तरीही आकडा खालीच राहिला तर एजन्सीला कळवायचं. एजन्सीने ती नोंद गंभीरपणे घेऊन चौकशी करायची, हे आधीच ठरलेलं. किती आकड्यावर कुणी हलायचं हे भांडण होण्याआधी कागदावर आलेलं असल्यामुळे नंतर ‘तुम्ही तज्ज्ञ नाही’ असं म्हणायला जागाच राहत नाही. स्वयंसेवकाला प्रजाती ओळखायला लावलं नाही, फक्त आठ गट ओळखायला लावले, तेही एका दिवसाच्या प्रशिक्षणानंतर. त्याच्याकडून जेवढं खात्रीने मिळू शकतं तेवढंच मागितलं आणि मिळालेल्यावर भरवसा ठेवला.

या तरतुदीची कसोटी लागली ती जुलै २०१३ मध्ये, केनेट नदीवर. केनेट ही चॉक स्ट्रीम, म्हणजे खडूच्या सच्छिद्र खडकातून झिरपून आलेल्या नितळ, वर्षभर एकसारख्या थंड पाण्याची नदी. जगात अशा नद्या दोनशेच्या आसपास आहेत आणि त्यांतल्या बहुतेक दक्षिण व पूर्व इंग्लंडात. मार्लबरो गावाच्या खाली नेहमीची तपासणी करणाऱ्या स्वयंसेवकाच्या ट्रेमध्ये किडे जवळजवळ नव्हतेच, आणि जे होते ते मेलेले किंवा मरणपंथाला लागलेले. पाणी वरून स्वच्छ दिसत होतं. मासे पोहत होते. काठावरून चालणाऱ्या कुणालाही काही घडलंय असं वाटलं नसतं. एजन्सीने तपासलं तेव्हा मार्लबरो ते हंगरफर्ड या सुमारे पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यातले किडे आणि गॅमरस मेल्याचं निघालं. कारण क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक. ते गावाच्या सांडपाणी केंद्रातून नदीत आलं होतं. एवढा पट्टा मारायला दोन चमचे औषध पुरेसं असावं, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. कुणीतरी उरलेलं औषध सिंकमध्ये ओतलं असेल किंवा डबा विसळला असेल.

क्लोरपायरिफॉस हे नाव महाराष्ट्रात कुणालाही नवीन नाही. वाळवीसाठी घराच्या पायात, चौकटीत ते मारलं जातं, कपाशीवर फवारलं जातं, आणि कृषी सेवा केंद्रात ते सहज मिळत आलं आहे. फवारणीचा पंप ओढ्यावर विसळण्याची सवय आपल्या गावोगाव आहे. केनेटची गोष्ट मला म्हणूनच दूरदेशीची वाटत नाही. ब्रिटनमध्ये २०१६ साली क्लोरपायरिफॉसचे जवळपास सगळे वापर बंद झाले, युरोपीय संघाने २०२० मध्ये बंदी घातली. केनेटवर पंख असलेले किडे वरच्या अंगाकडून उडत येऊन पुन्हा अंडी घालू शकले. गॅमरसला पंख नाहीत. त्याला प्रवाहासोबत सरकत यावं लागतं, म्हणून त्याची वस्ती सावरणं अधिक कठीण.

केनेटचं यश स्वयंसेवकांच्या वाट्याला आलं, पण त्याच काळात दुसरं टोक ढिलं पडत होतं. पर्यावरण रक्षणासाठी एजन्सीला मिळणारं सरकारी अनुदान २००९-१० मध्ये सुमारे १२ कोटी पौंड होतं. दहा वर्षांत ते सुमारे ४ कोटींवर आलं. नमुने घेण्याच्या जागा कमी झाल्या, माणसं कमी झाली. इशारा-पातळी खाली गेल्याचा फोन घ्यायला माणूस नसेल, तर पातळी ठरवून उपयोग काय? २०२० मध्ये जाहीर झालेल्या वर्गवारीत इंग्लंडच्या नद्यांपैकी फक्त १४ टक्के जैविकदृष्ट्या चांगल्या ठरल्या आणि रासायनिक कसोटीवर एकही उतरली नाही. इथून पुढे या कामाचा स्वभाव बदलला. शासनाला मदत करणारे लोक शासनाला जाब विचारू लागले, आणि माझ्या मते त्यांच्यापुढे दुसरा मार्ग शिल्लक नव्हता.

ऑक्सफर्डशायरमधली विंडरश नदी गढूळ, राखाडी होत गेली तेव्हा अ‍ॅश्ली स्मिथ हे निवृत्त पोलीस अधिकारी आणि पीटर हॅमंड हे निवृत्त प्राध्यापक कामाला लागले. हॅमंड यांनी माहितीच्या अधिकारासारख्या तिथल्या कायद्याने सांडपाणी केंद्रांच्या प्रवाहाचे आकडे मिळवले आणि केंद्रातून कच्चं सांडपाणी सुटतं तेव्हा त्या आकड्यांची चढउतार कशी दिसते हे संगणकाला शिकवलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात फक्त दोन केंद्रांवर अकरा वर्षांत नोंदीत न आलेल्या ९२६ घटना दाखवल्या होत्या. संसदेच्या पर्यावरण समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. इथे जाळी नव्हती, ट्रे नव्हता, पण सवय तीच : रोजचा कंटाळवाणा आकडा संयमाने वाचायचा.

यॉर्कशायरमधल्या इल्कलीच्या रहिवाशांनी वेगळी वाट काढली. व्हार्फ नदीत मुलं डुंबतात आणि तिथेच वरून सांडपाणी येतं. रहिवाशांनी स्वतः नमुने घेऊन जिवाणू मोजले, आणि मग कायद्यातली एक तरतूद पकडली. एखादं ठिकाण ‘स्नानाचं पाणी’ म्हणून जाहीर झालं की उन्हाळी हंगामात तिथली तपासणी करणं सरकारवर बंधनकारक होतं. डिसेंबर २०२० मध्ये इल्कलीचा पट्टा असा जाहीर झालेला इंग्लंडमधला पहिला नदीपट्टा ठरला. तपासणी सुरू झाली आणि निकाल ‘निकृष्ट’ आला. पुढच्या वर्षीही तोच. जाहीर झाल्याने पाणी सुधारलं नाही, हे खरं. पण हे पाणी निकृष्ट आहे असं आता सरकारी कागद म्हणतो, आणि त्याने वादाची सुरुवातच बदलली. वाय नदीच्या खोऱ्यात दोन कोटींहून अधिक कोंबड्या पोसल्या जातात. त्यांच्या विष्ठेतून पाण्यात उतरणारं फॉस्फेट तिथे शेकडो लोक हातातल्या छोट्या यंत्राने मोजत आले आहेत. २०२३ मध्ये त्या नदीची अधिकृत स्थिती एक पायरी खाली आणली गेली.

त्याच वर्षी इंग्लंडच्या पावसाळी गटारमुखांतून ४,६४,०५६ वेळा सांडपाणी सुटलं, एकूण सुमारे ३६ लाख तास. हा आकडा मिळाला तो प्रत्येक मुखावर मोजयंत्रं बसवल्यामुळे, आणि लोकांचा दबाव नसता तर ती एवढ्या लवकर बसली नसती.

या सगळ्यात एक खोट आहे आणि ती लपवू नये. महिन्याच्या महिन्याला नदीवर जायला मोकळा वेळ लागतो, गाडी लागते, बहुधा निवृत्तिवेतनही. त्यामुळे सुंदर नदीकाठच्या सुखवस्तू गावांची नोंद दाट आणि गिरणीगावांमागच्या, पाइपात कोंडलेल्या ओढ्यांची विरळ. शहरी ओढ्यांसाठी वेगळी सूची पुढे आली, पण तिथे सातत्याने उभी राहणारी माणसं मिळणं अवघडच राहिलं. जो ओढा सर्वांत आजारी, त्याच्याकडे सर्वांत कमी डोळे.

महाराष्ट्रासाठी हे सगळं वाचताना एक आकडा मनात ठेवावा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित ठरले. त्यांतले सर्वाधिक ५५ महाराष्ट्रातले. ही गणना बीओडीवर होते, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय मळ कुजताना किती प्राणवायू खातो यावर. लिटरला तीन मिलिग्रॅमच्या वर गेलं की पट्टा प्रदूषित. सांडपाण्यासाठी ही कसोटी रास्त आहे. पण केनेटसारखे दोन चमचे कीटकनाशक बीओडीला दिसणार नाहीत. ते दिसतील फक्त दगडाखाली.

आपल्याकडे माणसं आहेत. पुण्यात २०१४ पासून ‘जीवितनदी’ नदीकाठी लोकांना चालवत नेते, काठाचे तुकडे दत्तक घ्यायला लावते आणि घरातली रसायनं नदीत जाऊ नयेत यासाठी झटते. सिंकमधून गेलेल्या औषधाची गोष्ट ऐकल्यावर त्या आग्रहाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. पण इंग्लंडची आठ गटांची सूची उचलून इथे आणता येणार नाही. सह्याद्रीचे ओढे पावसाळ्यात दगड लोटत धावतात आणि मार्चनंतर डबक्यांत आटतात. किड्यांची ये-जा त्या चक्रावर चालते. दक्षिण आफ्रिकेने आपल्या हवामानासाठी तेरा गटांची ‘मिनिसास’ पद्धत २००४ मध्ये मांडली. तसं काम इथल्या प्राणिशास्त्र विभागांना करावं लागेल. केंद्रीय मंडळाने जैविक निकष तयार केलेले आहेतच, त्यांना गावकऱ्याच्या हातात मावेल असं रूप द्यायचं आहे.

सुरुवात भूकूमकडून येऊन औंधजवळ मुळेला मिळणाऱ्या रामनदीसारख्या छोट्या ओढ्यापासून करावी, आणि त्याच्या वरच्या, अजून बऱ्या असलेल्या भागापासून. तिथे गणपतीनंतर पाणी निवळलं की पहिली जाळी घालायची आणि ओढा आटेपर्यंत दर महिन्याला घालत राहायची, कारण चांगला ओढा म्हणजे किती किडे हे ठरल्याशिवाय खालच्या भागाची इशारा-पातळी कुणालाच सांगता येणार नाही. आणि ती पातळी ठरवण्याच्या बैठकीला प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी पहिल्या दिवसापासून बसलेला हवा, सहीसकट.