जुनी ट्यूब उतरते, पुढे तिचे काय होते?

अकोल्यासारख्या तालुक्याच्या गावी जुन्या कचेरीत, बँकेत किंवा शाळेच्या ऑफिसात गेले की छताकडे एकदा पाहावे. एखादी ट्यूब लुकलुकते, एखादीचे टोक काळे पडलेले असते, एखाद्या पट्टीतला चोक दिवसभर गुणगुणत असतो. आता ठिकठिकाणी या ट्यूब उतरून एलईडीच्या पट्ट्या लागत आहेत. बदल चांगलाच आहे. पण शिडीवर चढणारा वायरमन, खाली काच गोळा करणारी सफाई कामगार बाई आणि तुटकी पट्टी विकत घेणारा भंगारवाला हे बहुतेक वेळा आपल्याच घरातले असतात. म्हणून ही माहिती प्रत्येक कुटुंबाला हवी.

विजेचा हिशेब

अकोले तालुका विजेला परका नाही. प्रवरा नदीवरचे भंडारदरा धरण १९१० ला सुरू होऊन १९२६ ला पुरे झाले. त्याच्या पाण्यावर वीज तयार होते. घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. तिथे मागणी कमी असताना पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. पाणी चढवायला जेवढी वीज लागते तेवढी ते उतरताना परत मिळत नाही. म्हणून वाचवलेले युनिट हेच सर्वांत स्वस्त युनिट.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांकडे विजेचाही विषय होता. वीज मुबलक आणि स्वस्त मिळावी असा त्यांचा आग्रह होता. स्वस्त विजेची सुरुवात आपल्या बटणापासूनही होते.

जुनी जाड ट्यूब ४० वॅटची. तिचा तांब्याचा चोक आणखी १२ ते १५ वॅट खातो. त्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी बसवली तर साधारण ३० वॅट वाचतात. वीस ट्यूबची कचेरी रोज ८ तास, महिन्याला २५ दिवस चालली, तर महिन्याला १२० आणि वर्षाला १४४० युनिटे वाचतील. घरातली एक ट्यूब रोज ५ तास जळत असेल तर महिन्याला साडेचार युनिटे वाचतात. आपल्या बिलावरचा युनिटचा दर घेऊन हा गुणाकार मुलांकडून करून घ्यावा.

निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधामुळे हा पांढरा दिवा शक्य झाला. त्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात २०१५ पासून उजाला योजनेतून एलईडी बल्ब स्वस्तात घरोघरी गेले.

वायरमन भावांनो, इकडे लक्ष द्या

एलईडी ट्यूब सगळ्या सारख्या नसतात. काही जुन्या पट्टीत चोक ठेवूनच चालतात, फक्त स्टार्टर बदलावा लागतो. मात्र तो चोक थोडी वीज खातच राहतो. काहींना थेट २३० व्होल्टची लाइन द्यायची असते. त्यांच्यासाठी चोक आणि स्टार्टर काढून वायरिंग बदलावे लागते. यातही काहींना एकाच टोकाला फेज आणि न्यूट्रल लागतात, तर काहींना एका टोकाला फेज आणि दुसऱ्या टोकाला न्यूट्रल. डब्यावरचा नकाशा पाहिल्याशिवाय हात घालू नये.

दोन टोकांच्या प्रकारात एक टोक बसवले आणि लाइन चालू राहिली, तर दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनेला करंट येऊ शकतो. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण कित्येक ठिकाणी बटण न्यूट्रलवर बसवलेले असते. एमसीबी बंद करा, टेस्टर लावून खात्री करा, शिडी धरायला माणूस ठेवा. काम झाल्यावर ‘चोक काढला आहे’ अशी चिठ्ठी पट्टीवर चिकटवा. पुढच्या वर्षी तिथे दुसराच वायरमन चढणार आहे.

नळीतला पारा

ट्यूबच्या आत पारा असतो. काही मिलिग्रॅमच असतो, पण नळी फुटली की त्याची वाफ हवेत मिसळते. पाऱ्याची वाफ श्वासातून पुन्हा पुन्हा शरीरात गेली तर मज्जातंतू आणि मूत्रपिंडांना इजा होते. जपानमधल्या मिनामाता गावच्या लोकांनी पाऱ्याचा कहर भोगला. त्याच गावाच्या नावाने जगातल्या देशांनी पाऱ्याविरुद्ध करार केला. भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. ट्यूबलाइटचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत थांबवावी, असे करारातल्या देशांनी २०२३ मध्ये ठरवले. म्हणजे येत्या काळात जुन्या ट्यूब ढिगाने उतरणार आहेत.

त्या जाणार कुठे? आपल्याकडच्या ई-कचऱ्याच्या नियमांत ट्यूब आणि सीएफएल दोन्ही येतात. त्या घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर टाकू नयेत. कचेरीने त्या न फोडता खोक्यात उभ्या ठेवाव्यात आणि नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्राकडे द्याव्यात. दिवे बदलण्याचे टेंडर काढतानाच जुन्या ट्यूब नेण्याची जबाबदारी त्यात लिहून घ्यावी. हे लिहिलेले नसेल, तर त्या मागच्या दारी फुटतात आणि काच वेचायला आपलीच आई-बहीण वाकते.

नळी फुटलीच तर खिडक्या उघडा, पंखा बंद करा, मुलांना बाहेर काढा आणि पंधरा मिनिटे थांबा. झाडू मारू नका, त्याने पारा पसरतो. हातमोजे घालून जाड कागदाने तुकडे उचला, बारीक भुगा ओल्या कागदाने टिपा. सगळे झाकणाच्या बरणीत घालून वेगळे ठेवा. पत्र्यासाठी किंवा टोकाच्या टोपणांसाठी नळ्या फोडण्याचे काम मुलांना कधीही सांगू नका.

खरेदी करताना

अगदी स्वस्त पट्टी घेऊ नये. तिच्यातला ड्रायव्हर लवकर जळतो आणि दिवा बारीक लुकलुकतो, त्याने डोके दुखते. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. पडद्यावर ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर दुसरी पट्टी पाहा. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण, वॉरंटी आणि पक्की पावती घ्या. नुसते वॅट न पाहता लुमेन पाहा. लिहिण्या-वाचण्याच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड हवा. विहाराच्या अभ्यासिकेलाही हेच माप लावावे.

सफाई कामगारांच्या बैठकीत, वस्तीच्या सभेत, विहारात ही माहिती वाचून दाखवा. आणि आपल्या कचेरीत दिवे बदलायला माणसे आली की एवढेच विचारा: “जुन्या ट्यूब कुठे नेणार?” उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.