सही हवी? आधी प्रश्न पाठवा!

आवडता लेखक समोर आला की आपण काय मागतो? पूर्वी सही मागायचो, आता सेल्फी. डॉ. जयंत नारळीकरांची रीत मात्र वेगळी होती. वही पुढे करणाऱ्या शाळकरी मुलांना ते सांगत की, पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेलच.

हा सौदा मला भलताच आवडतो. सही घेतलेली वही कपाटात जाते. प्रश्न लिहायचा म्हटलं की आधी काहीतरी वाचावं लागतं, मग कुठेतरी अडावं लागतं, आणि ते अडणं पोस्टकार्डाच्या इवल्याशा जागेत बसवावं लागतं. दिवसभर कोडमधल्या चुका शोधणाऱ्या आमच्यासारख्यांना ठाऊक आहे की, नेमका प्रश्न मांडता आला तर अर्धं काम झालेलं असतं.

आपल्या गुजरातकरांसाठी एक गंमत. नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा लिहायला घेतली ती अहमदाबादेत, एका परिसंवादात कंटाळवाणं भाषण चालू असताना! ती कथा म्हणजे 'कृष्णविवर'. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेला त्यांनी ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. आपल्या नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये म्हणून ज.वि.ना. ही आद्याक्षरं उलटी फिरवली आणि अक्षरही पत्नी मंगलाताईंचं. पहिलं बक्षीस मिळालं. पुढे 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला', 'प्रेषित' अशी पुस्तकं आली, 'धूमकेतू'वर तर चित्रपटही निघाला.

सुरतेत आपली मुलं नारळीकरांना भेटतात ती बहुधा इंग्रजीतून. सीबीएसईच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' पुस्तकात 'द ॲडव्हेंचर' नावाचा धडा होता, तो म्हणजे त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा. माझ्या भाच्याने ती तशीच वाचली. घरी मराठी बोलतो, पण वाचताना अडखळतो. उधना-लिंबायतपासून डिंडोलीपर्यंत घरोघरी हीच गत आहे, त्यामुळे त्याला एकट्याला काय बोलणार!

कथा अशी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर वेगळ्याच जगात पोहोचतात. तिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागतच नाही, ती कानाजवळून निघून जाते. मराठे जिंकतात आणि ईस्ट इंडिया कंपनी मुंबई, कलकत्ता, मद्रास यांच्या आसपासच्या लहान टापूंपुरती उरते.

भाच्याने विचारलं, "मामा, यात सुरतेचं नाव का नाही? इंग्रजांची वखार तर आधी इथेच होती ना?"

मी गडबडलो. आपल्या गावाचं नाव घेताच इथल्या मराठी मुलाला वर्गात दोनच सनावळ्या ऐकाव्या लागतात, १६६४ आणि १६७०, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या सुरतेवरच्या दोन स्वाऱ्या. त्यावर मित्र चिडवतात आणि तो गप्प बसतो. हा प्रश्न त्या चिडवण्याच्या पलीकडचा होता. आम्ही तारखा काढल्या. पानिपत १४ जानेवारी १७६१ला झालं आणि सुरतेचा किल्ला इंग्रजांनी १७५९मध्येच घेतला होता. म्हणजे विश्वासरावांची गोळी चुकली त्या क्षणी किल्ला इंग्रजांकडेच होता! मग नारळीकरांच्या त्या दुसऱ्या जगात तो त्यांच्याकडून कुणी सोडवला? पेशव्यांनी? की गायकवाडांनी? आणि त्या जगातल्या सुरतेतला मराठी मुलगा वर्गात काय ऐकत असेल?

पोस्टकार्डाच्या लायकीचा हा प्रश्न होता. पण नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. उत्तराची सही आता मिळायची नाही.

म्हणून भाच्याला सांगितलंय की, तूच कथा पुढे लिही, आणि मराठीत लिही, चुका मी काढीन. त्याने अट घातली आहे की, आधी किल्ला दाखवा. चौक बाजारात तापीकाठी तो उभा आहे, आत संग्रहालय केलंय, आणि आपल्यापैकी किती जणांनी तो पाहिलाय हे न विचारलेलंच बरं. येत्या रविवारी सकाळी आम्ही निघतोय. मंडळातल्या कुणाची मुलं येणार असतील तर जरूर पाठवा. तिकीट मी काढीन, प्रत्येकाने येताना एकेक प्रश्न मात्र लिहून आणायचा, आणि तोही पोस्टकार्डावरच.