आत्याची विसरलेली दुपार

“मग, ऑपरेशनला कधी नेणार मला?”

डोळ्यावर प्लास्टिकची भोकाभोकांची वाटी चिकटवलेली आत्या चहात बिस्किट बुडवत विचारत होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पाऊण तास झाला होता. तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा तिने “अगबाई, झालंसुद्धा?” म्हणून नव्याने आश्चर्य व्यक्त केलं. चुलतभाऊ हळूच म्हणाला, “भूल मेंदूला लागली वाटतं.” रात्री याच अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने पेपरवाल्याच्या बिलात न धरलेले दोन खाडे दाखवून दिले.

घोटाळ्याची सुरुवात ‘भूल’ या शब्दापासूनच होते. आपल्याकडे विसर, चूक आणि बधिरता एकाच शब्दात बसतात. मोतीबिंदूत बहुतेकदा फक्त डोळा बधिर करतात, थेंबांनी किंवा डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन. त्या औषधाचं काम तिथल्या नसांपुरतं असतं. (डोळ्यामागे दिलेलं इंजेक्शन क्वचित नसेच्या आवरणातून मेंदूच्या मुळापर्यंत पोचतं. पण मग काही मिनिटांत शुद्ध हरपते, श्वास मंदावतो आणि ते तिथेच सावरावं लागतं. घरी आल्यावर चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं म्हणजे ते नव्हे.) गुंगी ही वेगळी गोष्ट. ती लागते फार घाबरलेल्या किंवा स्थिर पडून राहू न शकणाऱ्या माणसाला, शिरेतून मिडाझोलामसारखं औषध देऊन. आत्याला तेच दिलं होतं.

“गुंगीने आठवणी पुसल्या जातात” हा समज यातूनच येतो. मिडाझोलाम जुनं काही पुसत नाही. अंमल असेपर्यंत नवं नोंदवू देत नाही, एवढंच. रुग्ण बोलतो, विचारलेल्याला उत्तर देतो, पण वहीत काही उतरत नाही. आधीची पानं शाबूत असतात. वयस्कर माणसांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं आणि त्यांच्या मेंदूवर कमी मात्रेतही जास्त चढतं, म्हणून मात्रा कमी ठेवतात आणि त्या दिवशी कुठल्या कागदावर सही करू नका असं बजावतात.

“मग गाढ झोपवूनच करा की!” असं नातेवाइकांपैकी कोणीतरी म्हणतंच. सर्जनला मात्र “उजेडाकडे बघा” म्हटल्यावर बघणारा रुग्ण हवा असतो. अर्धवट झोपेतला माणूस कापडाखाली दचकून जागा झाला आणि त्याने मान वळवली, तर उपकरण डोळ्याच्या आत असतं.

पण दुसऱ्या रात्री कोणी बरळू लागलं तर? इथे सगळं खापर गुंगीवर फोडण्याआधी थोडं मागे जाऊ. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोतीबिंदूनंतर दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून रुग्णाला काही दिवस न हलता पडून राहायला लावत. त्यातले काही वृद्ध भ्रमिष्टासारखे वागायचे, पट्ट्या ओढून काढायचे. १९५८ साली बोस्टनच्या वाइसमन आणि हॅकेट या डॉक्टरांनी या ‘ब्लॅक पॅच डिलिरियम’बद्दल, म्हणजे काळ्या पट्टीच्या भ्रमाबद्दल, लिहिलं. त्यांच्या उपचारात मुख्य होतं ते डॉक्टरने रुग्णाशी जोडलेलं नातं. अंधारात एकट्या पडलेल्या माणसाला ओळखीचा आवाज लागत होता.

दोन्ही डोळ्यांच्या पट्ट्या गेल्या, अंधार मात्र थोडा उरलाच. आपण आजोबांचा चष्मा काढून पिशवीत ठेवतो, कानातलं मशीनही त्यातच जातं, सकाळपासून पोटात काही नसतं आणि मधुमेह असेल तर साखर उतरते. भर म्हणून बाहुली मोठी करणारे सायक्लोपेंटोलेटचे थेंब नाकावाटे रक्तात उतरतात आणि लहान मुलांत किंवा वृद्धांत क्वचित भ्रम घडवतात. रोजची झोपेची गोळी किंवा संध्याकाळचा पेग एकदम तुटला तरी माणूस सैरभैर होतो. हे पेगचं प्रकरण डॉक्टरांना कोणी सांगत नाही, आणि तेच आधी सांगायला हवं.

महिनोन् महिने टिकणाऱ्या विस्मरणाची भीती अगदीच हवेतली नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात साठीपुढच्या १२१८ रुग्णांपैकी २५.८ टक्क्यांची विचारशक्ती आठवड्यानंतर मंदावलेली आढळली. तीन महिन्यांनी हा आकडा ९.९ टक्के होता. पण त्या पोटाच्या, हाडांच्या मोठ्या शस्त्रक्रिया होत्या. पुढे २००३ साली पूर्ण भूल दिलेले आणि फक्त तेवढा भाग बधिर केलेले, असे दोन गट तपासले, तर तीन महिन्यांनी दोन्हींत प्रमाण चौदा टक्क्यांच्या आसपासच निघालं. म्हणजे नुसतं भुलीच्या औषधाकडे बोट दाखवून भागत नाही.

“या वयात कशाला छेडायचं” हे वाक्य मात्र मला खरंच महागाचं वाटतं. अंधुक दिसणारा माणूस वाचन सोडतो, गप्पांतून उठतो, आणि घरचे म्हणतात विसरभोळा झाला. सिएटल परिसरातल्या ३००० हून अधिक ज्येष्ठांच्या अभ्यासात मोतीबिंदू काढलेल्यांमध्ये डिमेन्शियाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. ऑपरेशनमुळेच तो घटला असं यातून सिद्ध होत नाही. तब्येतीने बरी असलेली माणसंच ऑपरेशनला जास्त जात असतील. पण काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत असा फरक दिसला नाही, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

काळजी कधी करायची? गोंधळ दुसऱ्या दिवशीही ओसरला नाही किंवा सकाळी बरं आणि रात्री वाईट असं होऊ लागलं, तर डॉक्टरांना फोन करा. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर “भूल उतरेल” म्हणत बसू नका. तो पक्षाघात असू शकतो, सरळ हॉस्पिटल गाठा.

आत्याचा दुसरा डोळा महिन्याने झाला. या खेपेला तिनेच गुंगी नको म्हटलं. नुसते थेंब, कानात मशीन, आणि सिस्टरने धरलेला हात. आता भेटेल त्याला ती सांगते की पाण्यात रंगीत उजेड हलत होता, आणि भिंग वेळेवर पुढे आलं नाही म्हणून डॉक्टर कोणावर खेकसले तेही.