वारुळातली ठेव

श्रावणातली सकाळ. रात्रभर कोसळून पाऊस जरा दमला होता. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि एका ठाकरीण बाईंच्या मागोमाग मी रानात शिरलो. दर पावसाळ्यात त्यांच्याकडूनच आम्ही अळंबी घेतो. त्यांच्या हातात टोपली, माझ्या हातात कॅमेरा.

ऐनाच्या झाडाखाली जुनं वारूळ होतं. त्याच्या पायथ्याशी पांढऱ्याशुभ्र अळंब्या, काही मिटलेल्या, काही उमललेल्या. मी सरळ पालथा पडलो. छत्रीखालचे नाजूक पडदे टिपायचे तर कॅमेरा मातीलाच टेकवावा लागतो. भिंगावर वाफ, मानेवर डास. झाडाखाली उजेड इतका कमी, की शटर अर्धा सेकंद उघडं ठेवून श्वास रोखायचा.

"काका, आटपा. येष्टी जाईल. ऊन चढलं की ही काळी पडतात."

माझं छायाचित्र त्यांच्या बाजाराच्या वेळेतून कापलं जात होतं!

अळंबी सामिष की निरामिष, हा वाद आमच्या घरी दर श्रावणात होतो. खरं तर ती वनस्पतीही नव्हे, प्राणीही नव्हे. बुरशीचं ते फळ. त्यातून ही अळंबी म्हणजे वाळवीची शेती. चावलेल्या पाल्यापाचोळ्याचे जाळीदार गड्डे वाळवी जमिनीखाली रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि तिच्यावरच जगते. सुमारे ३ कोटी वर्षांचा हा व्यवहार! फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ साली या गटाला 'टर्मिटोमायसिस' असं नाव दिलं. धिंगरी माणूस भाताच्या पेंढ्यावर पिकवतो. ही मात्र वाळवीवाचून येत नाही.

बाईंनी मातीत बोटं घालून मिटलेल्या अळंब्या अलगद काढल्या. पूर्ण उमललेल्या चार तशाच ठेवल्या.

"या?"

"ऱ्हाऊ द्या. पुढल्या साली पायजे ना!"

उमललेल्या छत्रीतूनच बीजाणू गळतात, आणि वाळवीच्या बहुतेक नव्या वारुळांना ते बाहेरून गोळा करावे लागतात. मुदत ठेवीचं व्याज काढावं, मुद्दल नाही, हे बँकेत मी किती जणांना बजावलं असेल!

उठताना त्यांनी विचारलं, "फोटू पेपरात देणार?"

"देईन म्हणतो."

"द्या. जागा नका लिहू. ह्याच्यावर पोरींच्या वह्या येतात."

त्यांना मी बाजारापर्यंत गाडीनं सोडलं. घरी आल्यावर पाहिलं, तर मोबाइलवर काढलेल्या प्रत्येक चित्रासोबत अक्षांश-रेखांश नोंदलेले! मुलाकडून ते पुसून घेतले. कॅमेऱ्यातल्या सर्वांत सुरेख चित्रात मागे ऐन आणि ओळखू येईल असा एक खडक होता. तो भाग कापला. चित्र जरा बेढब झालं.

परवा एका मित्रानं विचारलं, "कुठं मिळालं रे हे?"

"शहापूर तालुक्यात," मी म्हणालो.