पोलादाला वाचवणारा थर

९ ऑगस्ट २००४ रोजी जपानमधल्या मिहामा अणुवीज केंद्रात टर्बाइनच्या इमारतीतला एक पाइप फुटला. उकळत्या पाण्याहूनही तप्त पाणी वाफ होऊन उसळलं आणि पाच कामगार गेले. पाइपची मूळ जाडी १० मिलिमीटर; फुटला तिथे सर्वांत पातळ जागी ती १.४ उरली होती. त्यातून वाळू गेली नव्हती की आम्ल. १९७६ पासून वाहत होतं ते शुद्ध केलेलं पाणी.

गरम पाण्यात साध्या कार्बन पोलादावर मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा, बारीक थर धरतो आणि तोच पोलादाला वाचवतो. हा थर पाण्यात किंचित विरघळतो. पाणी संथ असेल तर ते लोहाने लवकर संपृक्त होतं आणि झीज मंदावते. मिहामात प्रवाह मोजण्यासाठी बसवलेल्या ओरिफिस चकतीच्या पुढे पाणी घुसळत होतं, विरघळलेलं लोह वाहून नेत होतं. थर झिजत राहिला, खालचं पोलादही. याच प्रकाराने १९८६ मध्ये अमेरिकेतल्या सरी केंद्रात चार बळी घेतले होते. तरीही मिहामातली ती जागा तपासणीच्या यादीतून सुटलेली होती. मला हे सर्वांत अस्वस्थ करतं, कारण पोलादाची जाडी बाहेरून अल्ट्रासॉनिक गेज लावून मोजता येते.

तेलविहिरींच्या पाइपांत वाळूची भर पडते. वाकणावर वायू वळतो, वाळूचा कण मात्र वेगाच्या ओघात सरळ जाऊन बाहेरच्या भिंतीवर आदळतो. पोलादासारख्या ठिसूळ नसलेल्या धातूला समोरून बसलेल्या टोल्यापेक्षा तिरका घाव जास्त नडतो; साधारण २०-३० अंशांत आलेला कण रंध्यासारखा धातू तासून नेतो. वेग दुप्पट झाला की झीज पाच-सहा पट होऊ शकते. तेलासोबतच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड असेल तर पोलाद गंजतं, त्यावर लोह कार्बोनेटचा थर बसतो, वाळू तो खरवडते, उघडं पोलाद पुन्हा गंजतं. म्हणूनच दोन्हींची मिळून होणारी हानी अनेकदा त्यांच्या बेरजेपेक्षा मोठी असते.

मग वेग कमी ठेवावा? अलास्कातल्या प्रुडो बे इथे तेल संथ वाहत होतं. तळाशी गाळ बसला, त्याखाली जिवाणूंनी पोलाद पोखरलं आणि मार्च २००६ मध्ये साडेसात लाख लिटरांहून अधिक तेल बर्फाळ जमिनीवर सांडलं. गाळ खरवडून काढणारं ‘पिग’ नावाचं यंत्र पाइपमधून नेमाने फिरवलं असतं, तर तो तळाशी साचलाच नसता. अशा कमी दाबाच्या अनेक पाइपलाइन तोवर केंद्रीय सुरक्षा नियमांतून वगळलेल्या होत्या. त्याच वर्षअखेरीस अमेरिकी काँग्रेसने कायदा करून त्यांना नियमांखाली आणायला लावलं.